२१४७४८३६४७: एका मोठ्या मूळ संख्येची तपासणी, आपल्याच हाताने

मोठ्या मूळ संख्यांवरचे लेख बहुतेक वेळा थक्क करण्यासाठी लिहिलेले असतात. इतके कोटी अंक, इतके संगणक, इतकी वर्षं. वाचून होतं आणि हाती काही लागत नाही. म्हणून इथे मुद्दाम एकच दहा अंकी संख्या घेतली आहे: २१४७४८३६४७, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाची ही मूळ असल्याची सिद्धता १७७२ साली छापून आली आणि पुढे जवळजवळ शतकभर, सिद्ध झालेल्या मूळ संख्यांमध्ये हिच्याहून मोठी कोणी नव्हती. आज मोबाइलसुद्धा तिला क्षणात तपासतो. तरी ती अभ्यासाला उत्तम, कारण निम्मं काम कागदावर करता येतं आणि उरलेलं कुठल्याही साध्या लॅपटॉपवर.

ही संख्या २^३१ − १ आहे. (२^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात, ही खूण पुढे सगळीकडे वापरली आहे.) खाली जे काही येईल, विभाजकांचा शोध, मूळपणाची कसोटी, झटपट बाकी काढण्याची युक्ती, ते सगळं या एका आकारातून निघतं. शेजारच्याच दुसऱ्या एखाद्या दहा अंकी मूळ संख्येला यातलं फारसं काही लागू पडणार नाही.

सामान

कागद, पेन्सिल आणि पायथन. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट आहे आणि त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो. एक्सेलच्या वाटेला जाऊ नका. त्यात १५ सार्थ अंकांपुढचं सगळं शून्य होतं, आणि आपल्याला १९ अंकी वर्ग लागणार आहेत. उत्तर चुकेल आणि चुकलं हे कळणारही नाही. साध्या कॅल्क्युलेटरचंही तेच.

पायथनमधलं पॉव (pow) नावाचं फंक्शन तीन संख्या घेतं: पाया, घातांक आणि भाजक. पॉव(२, ३१, ३११) म्हणजे २^३१ ला ३११ ने भागल्यावरची बाकी. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक. या लेखातली बहुतेक पडताळणी या एका फंक्शनवर होते.

पायरी पहिली: आकार नीट बघा

द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) आपली संख्या म्हणजे ओळीने ३१ एक, मध्ये एकही शून्य नाही. ३२ बिटांच्या (म्हणजे ३२ द्विमान अंकांच्या) चिन्हांकित, धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. जुन्या संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजतात. ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी या संख्येवर येऊन थांबते. त्याचा मूळपणाशी संबंध नाही, पण ओळख बहुतेकांना तिथूनच असते.

अशा आकाराच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घातांक संयुक्त असेल तर संख्या हमखास संयुक्त: २^३३ − १ ला २^३ − १ म्हणजे ७ ने भाग जातो, कारण ३३ ला ३ ने जातो. उलट मात्र खरं नाही. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. ही २०४७ लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला एका सापळ्यातून वाचवणार आहे.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. त्यात ३१ बरोबर होता, ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले होते. यादी देणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं. ३१ ला सिद्धता मिळायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

पायरी दुसरी: विभाजक कुठे असू शकतो ते ठरवा

शाळेतला नियम असा की संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे आहे आणि तिथवर मूळ संख्या आहेत सुमारे ४८००. पेन्सिलने ४८०० भागाकार करायला कोणी बसणार नाही. ऑयलरही बसला नाही.

समजा क या मूळ संख्येने २^३१ − १ ला भाग जातो. म्हणजे २^३१ ला क ने भागलं की बाकी १ उरते. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की २^(क − १) चीही बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६ असे घात घेत गेलो तर बाकी पहिल्यांदा १ होते तो घातांक या दोन्हींना, ३१ ला आणि क − १ ला, निःशेष भागतो. ३१ मूळ आहे, तेव्हा तो घातांक १ किंवा ३१ असणार. १ असता तर क ने १ ला भाग जायला हवा होता, तो जात नाही. म्हणून ३१. म्हणजे क − १ ला ३१ ने भाग जातो, आणि क विषम असल्यामुळे २ नेही. निष्कर्ष: विभाजक असलाच तर तो ६२ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असणार.

दुसरी चाळणी. (२^१६)^२ = २^३२ = २ × २^३१, आणि क ने भागल्यावर याची बाकी २. थोडक्यात, बाक्यांच्या हिशेबात २ या संख्येला वर्गमूळ मिळालं: ६५५३६. ज्या विषम मूळ संख्येच्या बाबतीत असं वर्गमूळ मिळतं तिला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. हा वर्ग-अवशेषांचा प्रसिद्ध नियम आहे. त्याची सिद्धता इथे देत बसत नाही, कुठल्याही अंकसिद्धांताच्या पुस्तकात मिळेल.

दोन्ही अटी एकत्र करा. ६३, १२५, १८७, २४९ यांतले १२५ आणि १८७ गळतात, कारण ८ ने भागल्यावर त्यांची बाकी ५ आणि ३. उरतात ६३ आणि २४९, आणि मग त्या दोघांत २४८ मिळवत जायचं. ४६३४० पर्यंत असे उमेदवार फक्त ३७३. त्यातले कितीतरी उघडच संयुक्त: ६३ म्हणजे ७ × ९, २४९ म्हणजे ३ × ८३, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. ते उडवले की खऱ्या मूळ संख्या शंभराच्या आत उरतात. ४८०० वरून शंभराच्या आत, तेही एक भागाकार न करता.

पायरी तिसरी: एक उमेदवार हाताने तपासा

पहिला खरा उमेदवार ३११. दहा अंकी संख्येला ३११ ने भागायचं नाही. २ चे घात दुप्पट करत जायचे आणि दर वेळी ३११ ची पट काढून टाकायची.

२^८ = २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी. त्याला −५५ म्हणू. ऋण बाकी घ्यायला घाबरू नका, आकडे लहान राहतात. २^१६ म्हणजे ५५ चा वर्ग, ३०२५; त्यातून ३११ × १० = ३११० वजा केले की −८५. २^२४ म्हणजे (−५५) × (−८५) = ४६७५; ३११ × १५ = ४६६५, बाकी १०. आता २^३१ = २^२४ × २^७, म्हणजे १० × १२८ = १२८०; ३११ × ४ = १२४४, बाकी ३६.

३११ विभाजक असता तर इथे १ यायला हवा होता. आले ३६. ३११ बाद. पुढचा खरा उमेदवार १३०३, तो तुम्ही करा. बाकी २२७ यायला हवी. असे सगळे उमेदवार बाद झाले की सिद्धता पुरी. पायथनला सांगायचं तर ६३ पासून आणि २४९ पासून २४८ च्या उड्या मारत ४६३४० पर्यंत जा, दर वेळी पॉव काढ, कुठे १ आला तर ओरड. चार-पाच ओळींचा प्रोग्राम होतो आणि तो ओरडत नाही. उमेदवारांतले संयुक्त आकडे वेगळे काढायचीही गरज नाही; चार भागाकार जास्त झाले तर यंत्राचं काय जातं?

सिद्धतेवर विश्वास बसण्याआधी कसोटीवर विश्वास बसायला हवा. म्हणून हाच प्रोग्राम २^२९ − १ वर चालवा. तिथे उड्यांचा हिशेब ५८ च्या पटींचा होईल, आणि २३३, ११०३, २०८९ असे तीन विभाजक सापडतील.

सापळा: फर्माची कसोटी २ हा पाया घेऊन लावू नका

मूळ संख्या ओळखण्याची लोकप्रिय झटपट रीत अशी: २^(न − १) ला न ने भागा, बाकी १ आली नाही तर न संयुक्त. बाकी १ आली तर न बहुधा मूळ. मर्सेन संख्यांवर ही रीत साफ कुचकामी आहे, आणि तरीही लोक ती तिथे वापरताना दिसतात. घातांक मूळ असलेली कुठलीही मर्सेन संख्या २ च्या परीक्षेत पास होतेच, मग ती आतून संयुक्त का असेना. पॉव(२, २०४६, २०४७) करून बघा: उत्तर १. आणि २०४७ तर २३ × ८९ आहे!

कारण पुन्हा आकारातच आहे. २०४६ ला ११ ने भाग जातो, आणि २^११ ची २०४७ ने भागून बाकी १ च असते. तिचा कितवाही घात घ्या, १ च राहणार. पाया ३ घेतला की बिंग फुटतं: पॉव(३, २०४६, २०४७) चं उत्तर १०१३ येतं.

पायरी चौथी: लुकास-लेमर

मर्सेन संख्यांसाठी हीच खरी कसोटी. फ्रान्सच्या एदुआर लुकासने १८७६ साली याच विचाराने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, अमेरिकेच्या डी. एच. लेमरने पुढे तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. कृती अशी: ४ पासून सुरुवात करा. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांक प असेल तर हे प − २ वेळा करायचं. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. इथे ‘बहुधा’ला जागा नाही.

आधी लहान संख्येवर हात बसवा. २^७ − १ = १२७, पायऱ्या पाच:

४
१४
१९४, बाकी ६७
६७ × ६७ − २ = ४४८७, बाकी ४२
४२ × ४२ − २ = १७६२, बाकी १११
१११ × १११ − २ = १२३१९ = १२७ × ९७, बाकी ०

आता ३१ घ्या, पायऱ्या २९. सुरुवात ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, ६६९६७०८३८ अशी होते. तुमचे आकडे इथवर जुळले की पुढचं यंत्रावर सोडा. शेवटी ० येतं. पण शून्याच्या आधीचा आकडाही छापून घ्या. त्याच्या वर्गातून २ गेले की शून्य उरतं, म्हणजे तो २ चं वर्गमूळ असणार, आणि ते आपण दुसऱ्या पायरीत काढूनच ठेवलं आहे: ६५५३६, किंवा त्याची ऋण बाजू २१४७४१८१११. तिसरं काही दिसलं तर प्रोग्राममध्ये गडबड आहे. वर १२७ च्या वेळी १११ आले होते, म्हणजे −१६. १६ चा वर्ग २५६, त्याची १२७ ने बाकी २. जुळलं.

कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली कुठल्याही संख्येला लागू पडणारी, खात्रीची आणि तत्त्वतः वेगवान कसोटी दिली. सिद्धांत म्हणून तिचं मोल फार मोठं आहे. प्रत्यक्षात मर्सेन संख्या समोर असेल तर लुकास-लेमरच वापरावी. ती कितीतरी पटींनी झटपट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १, म्हणजे ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्या, तिच्यावरही मूळपणाचं अंतिम शिक्कामोर्तब याच कसोटीने झालं.

पायरी पाचवी: एक वजा करा आणि तिचे अवयव पाडा

आपल्या संख्येतून १ गेला की २१४७४८३६४६ उरतात, आणि त्यांचे अवयव सुंदर पडतात: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. यातून मूळपणाची आणखी एक, अगदी स्वतंत्र सिद्धता मिळते. अशी एखादी संख्या शोधायची की जिचा २१४७४८३६४६ वा घात बाकी १ देतो, पण २१४७४८३६४६ ला वरच्या कुठल्याही मूळ अवयवाने भागून येणारा घात मात्र १ देत नाही. अशी एक जरी सापडली तरी काम झालं.

७ चालते. पायथनमध्ये सात अवयवांसाठी (३ एकदाच धरायचा) सात वेळा पॉव काढा. २ साठी येणारं उत्तर २१४७४८३६४६, म्हणजे −१. बाकीच्या सहांपैकी एकही १ नाही. याचा अर्थ असा की ७ चे घात घेत गेलं तर १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा भेटते आणि मगच चक्र पुरं होतं. अशा संख्येला आदिम मूळ म्हणतात. २ ला हा मान नाही: त्याचं चक्र ३१ पावलांतच संपतं.

पायरी सहावी: भागाकार न करता बाकी

९ ने भागल्यावरची बाकी अंकांची बेरीज करून मिळते, कारण १० ची ९ ने बाकी १. इथे २^३१ ची बाकी १ आहे. म्हणजे संख्या द्विमान पद्धतीत लिहून तिचे ३१-३१ बिटांचे तुकडे पाडायचे आणि बेरीज करायची, झाली बाकी. यंत्राला तुकडा पाडणं म्हणजे बिट सरकवणं, त्याच्या हातचा मळ.

हे कुठे वापरतात? रँडम संख्या बनवायला. १९६९ साली आयबीएमच्या यंत्रांसाठी सुचवलेली आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जाची म्हणून पुरस्कारलेली कृती एका ओळीची आहे: आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या. १६८०७ म्हणजे ७^५. ७ आदिम मूळ आहे आणि ५ हा २१४७४८३६४६ चा अवयव नाही, म्हणून १६८०७ ही आदिम मूळच. चक्र पूर्ण लांबीचं.

१ पासून सुरू करा. पहिली संख्या १६८०७, दुसरी २८२४७५२४९. तिसरीसाठी गुणाकार येतो ४७४७५६१५०९९४३. त्याचे तुकडे पाडा: २^३१ म्हणजे २१४७४८३६४८ ने भागल्यास भागाकार २२१०, उरलेला तुकडा १६२२६४७८६३. दोन्हींची बेरीज १६२२६५००७३. हीच तिसरी संख्या. बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे गेली असती तर तेवढे एकदा वजा करायचे होते. दहा हजारावी संख्या १०४३६१८०६५ यायला हवी. प्रोग्राम बरोबर चालतो आहे ना, हे पाहण्याची ही ठरलेली खूण आहे. खेळ, नमुने, सराव यांना ही कृती ठीक. पासवर्ड किंवा गुप्तलेखनाला मात्र अजिबात नाही, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

पायरी सातवी: परिपूर्ण संख्या

ही पायरी छोटी आहे. स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती परिपूर्ण संख्या: ६ = १ + २ + ३. युक्लिडने दाखवलं की २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प − १) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. ३१ साठी ती २३०५८४३००८१३९९५२१२८. द्विमान पद्धतीत ३१ एक आणि मागोमाग ३० शून्यं. इंग्लंडच्या पीटर बार्लोने १८११ साली लिहिलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण असल्या संख्या कुतूहलापुरत्या, उपयोग शून्य, मग कोण कशाला जीव आटवेल? १८७६ मध्ये लुकासने आणि १८८३ मध्ये रशियाच्या पेर्वुशिनने त्याला खोटं पाडलं, तेही संगणक नसताना.

पायरी आठवी: घातांकाच्या जागी तिलाच बसवा

३१ स्वतः २^५ − १ आहे. म्हणजे आपली संख्या मर्सेन मूळ संख्येलाच घातांक करून तयार झाली आहे. हाच डाव आणखी एकदा खेळलो तर? २^२१४७४८३६४७ − १. ही लिहून काढायची तर ६४ कोटी ६४ लाखांहून जास्त अंक लागतील. मूळ आहे का?

दुसऱ्या पायरीतला नियम जसाच्या तसा लावा. विभाजक असलाच तर तो २ × २१४७४८३६४७ च्या पटीपेक्षा १ ने जास्त, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७. पटी एकेक तपासत गेलं की ६८७४५ व्या पटीला २९५२५७५२६६२६०३१ ही संख्या लागते. ८ ने भागून तिची बाकी ७. आता पॉव(२, २१४७४८३६४७, २९५२५७५२६६२६०३१). उत्तर क्षणात येतं आणि ते १ असतं. ६४ कोटी अंकांची संख्या, तिचा एकही अंक न लिहिता, संयुक्त ठरली.

हीच गोष्ट ६१ ची. २^६१ − १ मूळ आहे; तिला घातांक करून बनणारी संख्या मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागलेला नाही. विभाजक शोधायचा तर उमेदवारांचा आकार तोच: २ × (२^६१ − १) च्या पटीपेक्षा १ ने जास्त, ८ ने बाकी १ किंवा ७. प्रोग्राममध्ये घातांक बदलायचा तेवढा. सुरुवातीच्या पटी पूर्वीच तपासून झाल्या आहेत आणि तिथे काही सापडलेलं नाही.